पोटातल्या महाधमनीचा फुगवटा आणि मायक्रोआरएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘अ‍ॅन्युरिझम’ हा शब्द वाचून इंटरनेटवर शोधायला बसलेले लोक हळूहळू ‘मायक्रोआरएनए’पर्यंत पोहोचतात आणि तिथे अडकतात. कुठे लिहिलेलं असतं ‘मिर-२१ वाढतो’, कुठे ‘मिर-२९ कमी होतो’ (‘मिर’ म्हणजे मायक्रोआरएनए, पुढचा आकडा ही त्याची ओळख). हे चांगलं की वाईट, ते कुणी सांगत नाही. खालचे प्रश्न अशा वाचकांचे आहेत, आणि थोडे जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांचेही.

महाधमनीचा फुगवटा कशाला म्हणतात?

हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. छातीतून ती पोटात उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन्ही पायांकडे जाणाऱ्या दोन फांद्यांत विभागली जाते. पोटातला तिचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो. तो ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त झाला की त्याला फुगवटा म्हणजे अ‍ॅन्युरिझम म्हणतात. बहुतेक वेळा तो मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या खाली होतो.

त्रास काहीच होत नाही, आणि हीच त्याची पंचाईत आहे. वर्षानुवर्षं तो गुपचूप वाढतो आणि कुठल्या तरी दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडतो. फुटला तर मात्र दहांपैकी आठ जण वाचत नाहीत, त्यातले बरेचसे रुग्णालयात पोहोचण्याआधीच जातात.

भिंतीत नेमकं काय बिघडतं?

महाधमनीची भिंत म्हणजे नुसती नळी नव्हे. तिच्या मधल्या थरात इलॅस्टिनचे पातळ पडदे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मधे अरेखित स्नायूपेशी बसलेल्या असतात. प्रत्येक ठोक्याला भिंत ताणली जाते आणि इलॅस्टिन तिला मागे खेचून आणतं. बाहेरच्या थरात कोलॅजेनचे जाड धागे असतात. ते ताणत नाहीत, आवरून धरतात. पिशवीच्या तोंडाला रबर लावायचं आणि वर सुतळीही बांधायची, तशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

फुगवट्यात आधी रबर जातं. इलॅस्टिन प्रामुख्याने गर्भात आणि लहानपणी तयार होतं. मोठेपणी ते तुटलं की नीट भरून येत नाही. पोटातल्या भागात इलॅस्टिनचे पडदे छातीतल्या भागापेक्षा मुळातच कमी असतात, म्हणून बिघाड तिथे लवकर दिसतो. मग भिंतीत मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशी शिरतात. एमएमपी-२, एमएमपी-९ यांसारखी विकरं (एन्झाइम) धागे कुरतडायला लागतात. स्नायूपेशी मरतात किंवा आपलं मूळ काम सोडून देतात. आता सगळा भार कोलॅजेनवर येतो. तेही कुरतडलं गेलं की भिंत फुटते.

यात भौतिकशास्त्राचा एक क्रूर नियम आहे. भिंतीवरचा ताण हा आतला दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे नळी जितकी रुंद, तितका तोच रक्तदाब तिला जास्त ताणतो. फुगा फुगवताना सुरुवातीला जोर लागतो आणि नंतर तो सहज फुगत जातो, ते आठवा.

चार गोष्टी लक्षात ठेवा : धागे, ते कुरतडणारी विकरं, दाह (प्रतिकारशक्तीच्या पेशी भिंतीत शिरून होतो तो) आणि स्नायूपेशी. पुढे जो मायक्रोआरएनए येईल तो यांपैकी कशावर तरी हात ठेवून असेल.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

आरएनएचा अगदी छोटा तुकडा, साधारण २२ न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे २२ अक्षरांचा. त्यापासून प्रथिन तयार होत नाही. इतर जनुकांपासून किती प्रथिन तयार व्हावं, यावर तो लगाम ठेवतो.

१९९३ मध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीमध्ये ‘लिन-४’ नावाचा पहिला मायक्रोआरएनए दाखवला. तेव्हा बहुतेकांना ती त्या किड्याचीच काही विचित्र खोड वाटली. २००० मध्ये ‘लेट-७’ सापडला. तो किड्यापासून माणसापर्यंत जवळपास जसाच्या तसा टिकून राहिलेला दिसला, तेव्हा सगळे सावरून बसले. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकन या दोघांना मिळालं.

हा तुकडा काम कसा करतो?

पेशीच्या केंद्रकात आधी एक लांबलचक आरएनए बनतो. तो स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखा आकार घेतो. ड्रोशा नावाचं विकर त्यातून साधारण ७० न्यूक्लिओटाइडची पिन कापून काढतं. ती केंद्रकाबाहेर येते. तिथे डायसर नावाचं दुसरं विकर पिनेचं वळलेलं टोक छाटतं आणि दोन छोट्या पट्ट्यांची जोडी उरते. त्यातली एक पट्टी आर्गोनॉट या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते, दुसरी सहसा नष्ट होते.

आर्गोनॉट आता पट्टी घेऊन संदेशवाहक आरएनएंच्या, म्हणजे प्रथिन बनवण्याचा जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएंच्या, गर्दीत फिरतं. पट्टीवरच्या दुसऱ्या ते आठव्या अक्षरांना ‘बीज’ म्हणतात. एखाद्या संदेशाच्या शेपटाकडच्या भागाशी हे बीज जुळलं की आर्गोनॉट तिथे चिकटतं. मग त्या संदेशाचं वाचन मंदावतं किंवा तो संदेशच मोडीत निघतो.

बीज अवघ्या सात अक्षरांचं असल्यामुळे एक मायक्रोआरएनए शेकडो संदेशांना लागू पडू शकतो, आणि एकाच संदेशावर अनेक मायक्रोआरएनए चढून बसू शकतात. माणसाच्या प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून जास्त जनुकांवर यांचा हात असावा असं मानलं जातं. प्रत्येक ठिकाणचा परिणाम मात्र बहुधा थोडासाच असतो. दिवा बंद-चालू करणारं बटण नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर समजा. एकाच वेळी चाळीस पंख्यांना जोडलेला रेग्युलेटर.

फुगवट्यात सगळ्यांत जास्त चर्चा कोणत्या मायक्रोआरएनएची आहे?

मिर-२९ कुटुंबाची, त्यातही मिर-२९बीची. आणि ती योग्यच आहे, कारण त्याची यादी पाहिली की हा जणू महाधमनीच्या भिंतीसाठीच नेमलाय असं वाटतं. कोलॅजेनचे अनेक प्रकार, इलॅस्टिन, फायब्रिलिन या सगळ्या धाग्यांच्या निर्मितीवर तो लगाम धरतो. मिर-२९ जास्त असेल तर धागे कमी, मिर-२९ कमी असेल तर धागे जास्त.

२०११ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने म्हाताऱ्या उंदरांच्या महाधमनीत मिर-२९ वाढलेला दाखवला आणि तो अडवल्यावर धमनीचं रुंदावणं कमी झाल्याचं नोंदवलं. २०१२ मध्ये लार्स मेगडेफेसेल आणि सहकाऱ्यांनी फुगवट्याच्या उंदरांवर बारकाईने काम केलं. त्यांना जे दिसलं ते पहिल्यांदा वाचताना गोंधळात टाकतं. फुगवटा वाढत असताना भिंतीतला मिर-२९बी कमी झालेला होता, वाढलेला नव्हता.

साधा तर्क असा : रोगात जे कमी झालंय ते परत भरा. त्यांनी भरूनही पाहिलं. विषाणूच्या मदतीने मिर-२९बी वाढवला, तर फुगवटे आणखी वाढले आणि जास्त फुटले. उलट, आधीच कमी असलेला मिर-२९बी औषधाने आणखी खाली ढकलला, तर भिंतीत कोलॅजेन वाढलं आणि फुगवट्याची वाढ मंदावली.

म्हणजे मिर-२९बीची घट हा रोग नव्हता, ती भिंतीने स्वतः केलेली डागडुजी होती. भिंत कमजोर पडतेय हे ओळखून पेशींनी कोलॅजेनवरचा लगाम सैल सोडला होता, फक्त ते पुरेसं पडत नव्हतं. संशोधकांनी त्या प्रयत्नाला हातभार लावला इतकंच.

ही कल्पना शल्यचिकित्सकांना आधीच सुचली होती, अर्थात आरएनएचा मागमूसही नसताना. १९४८ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये रुडॉल्फ निसेन यांनी अल्बर्ट आइनस्टाइन यांचं पोट उघडलं आणि फुगलेली महाधमनी सेलोफेनने गुंडाळली. सेलोफेन भिंतीला आधार द्यायला नव्हतं. त्याने ऊतक डिवचलं जावं आणि सभोवती कोलॅजेनचा जाड व्रण तयार व्हावा, असा बेत होता. आइनस्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगले. १९५५ च्या एप्रिलमध्ये फुगवटा फुटला, तेव्हा त्यांनी दुसरी शस्त्रक्रिया नाकारली. सेलोफेन आणि मिर-२९बीचा रोधक यांचा हेतू एकच : भिंतीला कोलॅजेन बनवायला लावायचं.

मग मिर-२१ चं काय? तो तर वाढतो म्हणतात.

हो, फुगवट्याच्या भिंतीत मिर-२१ वाढलेला सापडतो. शस्त्रक्रियेत काढलेल्या माणसांच्या ऊतकातही तो वाढलेला दिसला, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये जास्तच. त्यावरून ‘मिर-२१ हा खलनायक’ असं वाचलं असेल तर ते विसरा.

मिर-२१ हा पीटीईएन नावाच्या प्रथिनाला दाबतो. पीटीईएन पेशींच्या वाढीला आणि टिकून राहण्याला ब्रेक लावतं. म्हणजे मिर-२१ वाढला की ब्रेक सैल होतो, स्नायूपेशी वाढतात आणि मरत कमी. कर्करोगात हेच काम घातक ठरतं, म्हणून मिर-२१ ची बदनामी तिथून आली. पण फुगवट्यात स्नायूपेशी मरतायत ही मूळ तक्रार आहे. तिथे त्या तगल्या तर भलंच.

२०१२ च्या प्रयोगात तेच झालं. मिर-२१ अडवला तर उंदरांचे फुगवटे मोठे झाले, वाढवला तर लहान राहिले. निकोटिन दिल्यावर फुगवटे जास्त वेगाने वाढत होते आणि मिर-२१ सुद्धा आणखी चढत होता. जणू घराला लागलेली आग वाढली म्हणून जास्त बंब आले. बंबांची संख्या मोजून आग कुणी लावली ते ठरवता येत नाही.

थोडक्यात, ‘वाढलेला’ किंवा ‘कमी झालेला’ यावरून काहीच कळत नाही?

एकट्या त्या तक्त्यावरून फारसं नाही. मला स्वतःला अशा लेखांचा कंटाळा आहे ज्यांत वर आणि खाली बाण काढलेल्या पंधरा मायक्रोआरएनएंची यादी असते आणि पुढे काही नाही. एखादा मायक्रोआरएनए हलवून पाहिला का, आणि हलवल्यावर भिंतीचं काय झालं, हे सांगितलं असेल तरच पुढे वाचावं.

दाहाशी संबंधित मायक्रोआरएनए कोणते?

मिर-२४ हा त्यातला नीट तपासलेला. फुगवट्यात तो कमी होतो आणि या वेळी घट खरंच नुकसानीची असते. मिर-२४ कायटिनेझसारख्या एका प्रथिनाला, सीएचआय३एल१ ला, आवरून धरतो. लगाम सुटला की ते प्रथिन वाढतं आणि मॅक्रोफेज व स्नायूपेशी दोघांनाही दाहाकडे ढकलतं. उंदरांत मिर-२४ भरल्यावर फुगवटे आवरले गेले, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

मिर-१५५ उलट स्वभावाचा. तो दाहक पेशींचा जुना साथीदार आहे आणि रुग्णांच्या भिंतीत वाढलेला आढळतो.

कुरतडणाऱ्या विकरांवर कुणाचा ताबा असतो?

एमएमपी विकरांना शरीरात स्वतःचे राखणदार आहेत : टीआयएमपी-३ आणि रेक ही त्यांतली दोन महत्त्वाची प्रथिनं. राखणदारांनाच झोपवणारे मायक्रोआरएनए असतील तर विकरं मोकाट सुटणार. मिर-१८१बी टीआयएमपी-३ आणि इलॅस्टिन दोन्हींना दाबतो. मिर-७१२ टीआयएमपी-३ आणि रेकला दाबतो. अँजिओटेन्सिन-२ हे रक्तदाब वाढवणारं संप्रेरक दिलेल्या उंदरांत मिर-७१२ अडवला तेव्हा फुगवटे कमी झाले.

इथे एक मेख आहे. मिर-७१२ उंदरांत असतो, माणसांत नसतो. माणसात तेच काम मिर-२०५ करतो असं दिसतं, कारण दोघांचं बीज सारखं आहे. म्हणून त्या गटाने मिर-२०५ अडवूनही पाहिलं आणि निकाल सारखाच आला. ‘उंदरांवर यश’ असा मथळा दिसला की त्यातला रेणू माणसात आहे तरी का, हे आधी बघावं ते यासाठी.

स्नायूपेशी ‘आपलं काम सोडून देतात’ म्हणजे काय करतात?

निरोगी भिंतीतली स्नायूपेशी आकुंचन पावण्याचं काम करते. डिवचली गेली की ती स्वरूप बदलते : आकुंचनाची प्रथिनं कमी करते, विभाजित व्हायला लागते, विकरंही सोडते. तिला मूळ स्वरूपात धरून ठेवणारी जोडी म्हणजे मिर-१४३ आणि मिर-१४५. दोन्ही जनुकं गुणसूत्रावर शेजारी शेजारी आहेत आणि एकत्रच वाचली जातात. महाधमनीच्या फुगवट्यात ही जोडी घटलेली सापडते.

धूम्रपानाचा याच्याशी संबंध आहे का?

वर निकोटिन आणि मिर-२१ चं आलंच आहे. पण संबंध शोधायला मायक्रोआरएनएपर्यंत जायची गरजच नाही. टाळता येण्याजोग्या कारणांत धूम्रपान हे पोटातल्या फुगवट्याचं सगळ्यांत मोठं कारण आहे, आणि आधीच असलेला फुगवटाही धूम्रपान चालू असेल तर जास्त वेगाने वाढतो. वय ६५ च्या पुढे, पुरुष, जवळच्या नात्यात कुणाला फुगवटा, उच्च रक्तदाब ही बाकीची कारणं.

रक्त तपासून मायक्रोआरएनएवरून फुगवटा ओळखता येईल का?

आज नाही. कल्पना मोहक आहे. २००८ पासून माहीत आहे की मायक्रोआरएनए रक्तात मुक्तपणे फिरतात आणि बऱ्यापैकी टिकतात. एरवी आरएनए रक्तात क्षणात नष्ट होतो, पण हे आर्गोनॉटला चिकटून किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिकांत बसून सुरक्षित राहतात. रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्तात मिर-१५५, मिर-१९५ यांसारख्यांचं प्रमाण वेगळं असल्याचं वेगवेगळ्या गटांनी दाखवलं आहे. मिर-१९५ च्या बाबतीत तर फुगवटा जितका मोठा, तितकं रक्तातलं प्रमाण कमी, असंही दिसलं.

अडचण कुठे येते ते एका नळीवरून समजेल. रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलं, फिरवलं, वर प्लाझ्मा आला. तो फिकट पिवळा असायला हवा. सुई बारीक होती, पिचकारी जोरात ओढली गेली किंवा नळी जास्त हलवली, तर तो किंचित गुलाबी दिसतो. काही तांबड्या पेशी फुटल्या आहेत. नेहमीच्या कित्येक तपासण्यांत इतका गुलाबीपणा खपून जातो. पण तांबड्या पेशींत मिर-४५१ आणि मिर-१६ ठासून भरलेले असतात, आणि गंमत म्हणजे बऱ्याच प्रयोगांत मिर-१६ हाच तुलनेसाठी ‘स्थिर’ मानून वापरला गेला आहे. मोजपट्टीच लांब-आखूड झाली तर मोजलेल्या मापाला अर्थ काय राहिला? प्लेटलेट नीट बाजूला काढल्या नाहीत तर मिर-२२३ आणि मिर-१२६ वाढलेले दिसतात. आणि हिरव्या झाकणाच्या नळीतलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) मायक्रोआरएनए मोजायच्या पीसीआर पद्धतीलाच अडथळा आणतं.

त्याच्या जोडीला रुग्णांचं वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या, हृदयविकार. फुगवट्याच्या बहुतेक रुग्णांना धमनीकाठिण्यही असतं, त्यामुळे रक्तात दिसलेला बदल फुगवट्याचा की काठिण्याचा हे वेगळं काढणं अवघड जातं. एका गटाची यादी दुसऱ्या गटाच्या यादीशी जुळत नाही, ती बरीचशी या कारणांमुळे.

शिवाय फुगवटा आहे की नाही हे सांगायला सोनोग्राफी आहेच. ती स्वस्त आहे, वेदनारहित आहे आणि जवळपास चुकतच नाही. रक्तचाचणीला खरी जागा आहे ती दुसऱ्या प्रश्नाला : सारख्याच आकाराच्या दोन फुगवट्यांपैकी कोणता लवकर वाढेल आणि कोणता वर्षानुवर्षं तसाच राहील? व्यास मोजून हे कळत नाही. मायक्रोआरएनएने हे सांगितलं तर तो मोठा टप्पा ठरेल.

उंदरात जमतं, मग माणसात अजून का नाही?

उंदराला असा फुगवटा आपोआप होत नाही, तो घडवावा लागतो. एका पद्धतीत महाधमनीच्या तुकड्यात डुकराच्या स्वादुपिंडातलं इलॅस्टेज भरून इलॅस्टिन विरघळवतात. दुसऱ्या पद्धतीत उंदराच्या कातडीखाली छोटा पंप बसवून चार आठवडे अँजिओटेन्सिन-२ सोडतात. दुसऱ्या पद्धतीत फुगवटा मूत्रपिंडाच्या धमन्यांच्या वर होतो आणि बऱ्याचदा भिंत चिरून रक्त आत शिरल्यामुळे होतो. माणसात तो खाली होतो आणि वीस-वीस वर्षं घेतो.

दुसरं म्हणजे वेळ. प्रयोगात औषध बहुधा फुगवटा घडत असतानाच किंवा नुकता घडल्यावर देतात. रुग्ण येतो तेव्हा फुगवटा चार-साडेचार सेंटिमीटरचा झालेला असतो, आणि त्या टप्प्यावर भिंतीत स्नायूपेशी उरलेल्याच थोड्या असतात. ज्या पेशीला आदेश द्यायचा तीच नसेल तर आदेश कुणाला देणार?

मायक्रोआरएनएवर आधारित औषध बाजारात आहे का?

नाही, फुगवट्यासाठी नाही आणि दुसऱ्या कुठल्या आजारासाठीही नाही. प्रयत्न मात्र माणसांपर्यंत पोहोचले आहेत. मिर-१२२ ला अडवणारं मिराव्हिर्सन हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांना दिलं गेलं आणि विषाणू घटलेला दिसला. ते २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे गोळ्यांनीच हिपॅटायटिस-सी बरा होऊ लागला आणि हा मार्ग मागे पडला. मिर-३४ची नक्कल करणारं एमआरएक्स-३४ कर्करोगावर तपासलं जात होतं. रुग्णांत प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया आल्यामुळे २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

फुगवट्याच्या बाबतीत मुख्य गाठ पत्त्याची आहे. टोचलेला आरएनए किंवा त्याचा रोधक मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडात जाऊन साठतो. महाधमनीच्या भिंतीपर्यंत नेमका पोहोचवणं जमलेलं नाही. आणि मिर-२९बीचा रोधक सगळीकडे पसरला तर? धमनीत कोलॅजेन वाढलेलं हवंय, पण यकृत, फुप्फुस आणि हृदयात ते वाढणं म्हणजे तिथे व्रण तयार होणं. त्या अवयवांच्या आजारांसाठी तर मिर-२९ *वाढवणारी* औषधं तपासली जात होती. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं, असा प्रकार. मिर-२१ वाढवायचा म्हटलं तर कर्करोगाची भीती आडवी येते.

म्हणून काही जण औषध लावलेल्या स्टेंटकडे किंवा फुग्याकडे बघतायत, म्हणजे औषध थेट भिंतीलाच टेकवायचं. मला हीच वाट जास्त पटते.

पण आरएनएची औषधं तर मिळतात ना?

मिळतात, पण ती वेगळी. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पॅटिसिरान किंवा कोलेस्टेरॉलसाठी वर्षातून दोनदा टोचायचं इन्क्लिसिरान ही सिआरएनए जातीची आहेत. ती एकाच ठरावीक संदेशाला पूर्ण जुळवून घडवलेली असतात आणि यकृतात काम करतात. मायक्रोआरएनए शेकडो संदेशांवर थोडा थोडा हात ठेवतो. यंत्रणा तीच, आर्गोनॉटची, नेम वेगळा.

फुगवट्याची वाढ थांबवणारी साधी गोळी तरी आहे का?

सिद्ध झालेली एकही नाही. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकावर फार आशा होती, कारण ते एमएमपी विकरांना रोखतं आणि उंदरांत छान काम करत होतं. २०२० मध्ये अडीचशेच्या आसपास रुग्णांवरच्या दोन वर्षांच्या चाचणीचे निकाल आले : वाढ कमी झाली नाही. प्रोप्रानोलोल या रक्तदाबाच्या गोळीचंही आधी तसंच झालं होतं.

एक चमत्कारिक गोष्ट मात्र आहे. मधुमेह असलेल्यांना हा फुगवटा कमी होतो आणि झाला तरी हळू वाढतो. रक्तवाहिन्यांच्या बाकी सगळ्या आजारांत मधुमेह वैरी, इथेच तेवढा उलटा. याचं श्रेय साखरेला की मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीला, यावर चाचण्या सुरू आहेत. म्हणून मधुमेह नसताना मनाने मेटफॉर्मिन सुरू करू नका.

माझा फुगवटा ४.२ सेंटिमीटरचा आहे. मी काय करायचं?

ठरलेल्या वेळी सोनोग्राफी. किती दिवसांनी, हे देशागणिक थोडं बदलतं. या आकाराला बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा. आकार वाढत गेला की अंतर कमी होतं. पुरुषांत ५.५ आणि स्त्रियांत ५ सेंटिमीटरच्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण स्त्रियांचा फुगवटा लहान असतानाही फुटण्याची शक्यता जास्त असते. त्याआधी लवकर शस्त्रक्रिया करून जास्त जीव वाचत नाहीत, हे ब्रिटन आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी १९९८ आणि २००२ मध्ये दाखवून दिलंय. तंबाखू बंद, रक्तदाब आटोक्यात, डॉक्टरांनी सांगितल्यास स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी). पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घेरी आली, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा आणि ‘मला फुगवटा आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

माझ्या मुलांनी मायक्रोआरएनएची तपासणी करून घ्यावी का?

नको. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला असेल तर योग्य वयात, तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. तेवढं पुरतं.

शस्त्रक्रियेच्या वेळी भिंतीचा तुकडा संशोधनासाठी द्याल का, असं विचारलं. द्यावा का?

पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत फुगवट्याची पुढची भिंत चिरतात, आत कृत्रिम नळी शिवतात आणि उरलेली भिंत त्या नळीवर पांघरतात. थोडी भिंत जास्तीची उरते, तीच मागितली जाते. त्यासाठी वेगळी चीर द्यावी लागत नाही. संमतीपत्र वाचा, तुमचं नाव नमुन्यासोबत जाणार का ते विचारा, नको वाटलं तर नाही म्हणा. त्याने तुमच्या उपचारात फरक पडता कामा नये.

द्यायचं ठरवलंत तर त्याला मोल आहे. आता बहुतेक फुगवटे जांघेतून घातलेल्या स्टेंटनेच दुरुस्त होतात आणि त्यात भिंतीचा कण हाती लागत नाही, त्यामुळे माणसाचं ऊतक दुर्मिळ झालंय. तुकडा बाहेर आल्यावर कुणीतरी छोट्या कुपीसह दाराशी उभं असतं, कारण आरएनए लगेच झिजायला लागतो. काही मिनिटांत तो द्रव नायट्रोजनमध्ये किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावात गेला पाहिजे. त्याच्या शेजारी तुलनेला ठेवायला निरोगी महाधमनी लागते, आणि ती मिळवणं त्याहून कठीण. बहुतेक वेळा ती एखाद्या अवयवदात्याकडून आलेली असते.